तीन नंबरच्या गोदामाचं दुसरं कुलूप

मी एक कुलूप आहे. पहिलं नव्हे, दुसरं. ज्या दाराला दुसरं कुलूप लागतं, तिथे पहिल्याची चावी ज्याच्याकडे आहे त्याच्यावरचा भरवसा संपलेला असतो, पण त्याच्या तोंडावर तसं सांगायची कुणाची तयारी नसते. ते सांगायचं काम मग माझ्यावर येतं.

माझा जन्म अलीगढचा. अंग पितळेचं, आत सात खटके. कारखान्यातून बाहेर काढण्याआधी एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यात पंधरा परक्या चाव्या घालून पाहिल्या. मी एकीलाही दाद दिली नाही. त्याने माझ्या पाठीवर बोटाने टिचकी मारली आणि मला खोक्यात ठेवलं. माझं शिक्षण एवढंच झालं, की आपल्या चावीशिवाय उघडायचं नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या दूर शिकून मी बीड जिल्ह्यात आलो. एका चांगल्या कुलपाने बरंच काही सुधारता येईल, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

केजच्या बाहेर, रस्त्याला लागून, सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कंपनीचा कारखाना आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. तिचे मालक म्हणजे देशभर पसरलेले हजारो भागधारक. त्यांनी केज नकाशावरही पाहिलेलं नाही. वर्षातून एकदा त्यांना गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल मिळतो. गोदामात अमुक इतका माल शिल्लक आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. ते त्यावर विश्वास ठेवतात, कारण दुसरं काही त्यांच्या हातात नसतं.

तीन नंबरच्या गोदामात बारा हजार पोती मावतात. त्याचे प्रमुख मोहनराव. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. माल आण्णा घेत, वजन आण्णांसमोर होई, ठेवत आण्णा, मोजत आण्णा आणि महिनाअखेरीला 'मोजून बरोबर' असं लिहीतही आण्णाच. पुण्याहून हिशेब तपासायला आलेल्या तेजश्रीने हे पाहिलं. एकाच माणसाच्या हाती सगळं असणं ही अंतर्गत नियंत्रणातली गंभीर उणीव आहे, असं तिने लिहून दिलं. उपायही तिनेच सुचवला. दाराला दोन कुलपं, दोन चाव्या, दोन माणसं. एकाशिवाय दुसऱ्याला आत जाता येऊ नये.

म्हणून मी आलो. ऑगस्टात मला दारावर चढवलं आणि माझी चावी रोहिणीला दिली.

रोहिणी कार्यालयात हिशेब लिहायची. अंबाजोगाईला बी. कॉम. झालेली. तिचा बाप भागवत मेंढरं राखतो. कुंपणाबाहेरून कळप नेताना तो फाटकापाशी उगाच थोडा थांबायचा. आत आपली लेक खुर्चीवर बसते, एवढं त्याला पुरायचं. घराण्यातली ती पहिली खुर्ची होती. पण नोकरी कच्ची होती. मार्चअखेरीला आण्णांनी चांगला शेरा दिला, तरच कायम होणार होती.

चावी घालण्याआधी रोहिणी माझ्या तोंडात हलकी फुंकर मारायची. आमच्याकडे धूळ फार. ती फुंकर मला आवडायची. दोन महिने नियम पाळला गेला. आण्णा आपलं कुलूप उघडायचे, मग कार्यालयातून रोहिणीला बोलावणं जायचं, ती यायची, मी उघडायचो. तेवढा वेळ ट्रकवाले बिड्या ओढत बसायचे आणि आण्णा गप्प उभे राहायचे.

"आण्णा, चाळीस वरीस झाले तुमाला," सटवा म्हणायचा. तो हमालांचा मुकादम. "आता बाईच्या हुकमानं दार उघडायचं का?"

"शिकलेली पोर हाय रं ती. कायदा हाय," आण्णा म्हणायचे आणि हसायचे. ते हसले की सटवा लगेच हसणं थांबवायचा.

मग खंडेनवमी आली.

आमच्या भागात त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. शेतकरी नांगर-विळे मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. आण्णांनी गोदामाच्या ओसरीवर पाट मांडला. वजनकाटा, पोती शिवायचा दाभण, नोंदवही, सगळ्याला हळदीकुंकू लागलं. पितळी ताटात त्यांनी आपली चावी ठेवली आणि रोहिणीकडे पाहिलं.

"ठिव पोरी. लोखंडाला बी वर्सातून एकदा मान पाहिजे."

तिने गळ्यातल्या दोरीतून चावी काढून ताटात ठेवली. नाही कशी म्हणणार? आरती झाली, पेढे वाटले. आण्णांनी दोन्ही चाव्या उचलल्या, एका लाल दोऱ्यात ओवल्या, आवळून गाठ मारली आणि स्वतःच्या खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी रोहिणी आली.

"आण्णा, माझी चावी."

"देवीम्होरं मारलेली गाठ हाय ती. आमच्या वाडवडलांची रीत. फुडल्या खंडेनवमीबगर सुटत न्हाई."

"पण नियम हाय ना, आण्णा."

"नियम पुण्याचा हाय, पोरी. देवी हितली हाय."

सटवा पोत्याला टेकून उभा होता. "म्याडम, तुमची चावी नांदाया गेली समजा. वर्सानं येईल म्हायेरी."

सगळे हमाल हसले. रोहिणीही हसली. तिथे उभं राहून न हसणं तिला जमलं नाही. मी दारावर लटकून ते पाहत होतो. सात खटके, पंधरा चाव्यांची परीक्षा, आणि मला हरवलं वीतभर दोऱ्याने. त्याच दिवशी दुपारी आण्णांनी दोन्ही कुलपं एकट्याने उघडली. चावी माझीच होती. मी उघडलो. नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं.

ओसरीवरच्या मेजावर एक नोंदवही असे. पहिली चावी कुणाकडे, दुसरी कुणाकडे, सही. दर आठवड्याला ती नोंद पुण्याच्या संगणकावर चढे. रोहिणीने दोन दिवस तिची ओळ रिकामी सोडली. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. ओसरीवरच, आण्णांच्या खुर्चीशेजारी उभी राहून तिने तो घेतला.

"रोहिणी, तुमच्या गोदामाची नोंद अपूर्ण दिसतेय इथे," तेजश्रीचा आवाज आला. "सगळ्या जिल्ह्यांत तुमचंच लाल दिसतंय. सही राहिली का?"

"म्याडम, ते चावीचं थोडं..."

आण्णा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सही करून टाक आज. चावीचं काय असेल ते आपण नंतर बघू. कागद रिकामा नको."

"करते," रोहिणी म्हणाली.

तेजश्री वाईट नव्हती. तिला पूर्ण भरलेला कागद हवा होता आणि तो तिला मिळाला. पुढे रोहिणी आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करायला लागली.

नोव्हेंबरात काम सुरू झालं. तुम्हाला वाटेल, चोरी अंधारात झाली असेल. भर दुपारी झाली, चहा पीत. पोत्यांची मोठी थप्पी असते ना, तिच्या चार बाजू तशाच ठेवून सटवाने मधली पोती उपसायला घेतली. पोकळी झाली की वर बांबू आणि फळ्या टाकायच्या आणि त्यावर एक थर पोत्यांचा. बाहेरून थप्पी भरलेली.

"आण्णा, मदी हीर झालीया," सटवा घाम पुसत म्हणाला. "पानी तेवढं लागायचं राह्यलं."

"लागंल की. तू खांद."

ज्या दिवशी ट्रक भरायचे, त्या दिवशी आण्णा रजेवर असायचे. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसलेले असायचे. रजेवरचा माणूस इतक्या शांतपणे नोकरी करताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. शनिवारी नोंदवही रोहिणीपुढे यायची, तेव्हा त्या तारखेला आधीच लिहिलेलं असायचं, 'मोहनराव रजेवर, पहिली चावी कार्यालयात जमा.' पुढे तिच्या सहीची जागा.

"आण्णा, मंगळवारी तर तुमी हितंच व्हता."

"व्हतो की. पर रजा शिल्लक ऱ्हाती, वाया जाती. कागदावर मांडली की रजेचा भत्ता मिळतो. पोटावर पाय देती का म्हाताऱ्याच्या?"

अशी रजा बरेच जण मांडतात. तिने सही केली. असे अकरा दिवस झाले.

फेब्रुवारीत तिने एका दुपारी भरलेला ट्रक फाटकाबाहेर जाताना पाहिला. त्या दिवशी जावक नव्हती. ती धावत ओसरीवर आली, माझ्याकडे पाहिलं, मी उघडा. घरी जाऊन तिने कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर मेल केला. चाव्या एकाच दोऱ्यात आहेत, माल जातोय, माझं नाव गुप्त ठेवा. तिची त्या पत्त्यावर श्रद्धा होती. माझीही होती. कंपनीच्या भिंतीवर तो पत्ता मोठ्या अक्षरांत रंगवला होता.

सहाव्या दिवशी तो मेल 'अभिप्रायासाठी' म्हणून आण्णांकडे आला.

त्यांनी तो छापून घेतला. चहाच्या वेळी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, रोहिणीला बोलावलं, तिच्या हातात कप दिला आणि चष्मा लावून मेल मोठ्याने वाचला. सावकाश, एकेक शब्द. 'माझं नाव गुप्त ठेवा' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. रोहिणीने कप खाली ठेवला.

"लई चांगलं लिवती," आण्णा म्हणाले. "कुटं काना-मात्रा चुकली न्हाई. भागवताच्या पोरीनं एवढं शिकावं, मला अभिमान हाय. चा घे, निवतोय."

मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. गैरसमजातून तक्रार केली, मागे घेते. तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. पुण्याला पोचलं, तिथे त्याची नोंद झाली, 'तक्रारीचे निराकरण'.

एकतीस मार्चला तेजश्री माल मोजायला आली. आण्णांनी दार सकाळीच उघडून ठेवलं होतं. तिने लांबीची पोती मोजली, चाळीस. रुंदीला वीस. उंचीला पंधरा. गुणाकार बारा हजार. अगदी कागदाबरहुकूम.

"वर चढून बघायला हवं," ती म्हणाली. मी श्वास रोखला, कुलपाला जितका रोखता येतो तितका.

"शिडी मोडलीया म्याडम," सटवा म्हणाला.

"आन परवा वर साप निघाला," आण्णा म्हणाले. "तुमाला चढायचंच आसंल तर मानूस आणवतो. तासभर लागंल."

तिने घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या आत तिला आणखी एक गोदाम मोजायचं होतं. मग ती रोहिणीकडे वळली.

"दुसरी चावी तुझ्याकडेच असते ना?"

आण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद डोकावत होता. रोहिणीला तो ओळखता आला. तिला कायम करण्याचं पत्र होतं ते. त्यावर आण्णांची सही व्हायची होती. कुंपणाबाहेर मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"हो," रोहिणी म्हणाली.

दुपारी सही झाली. संध्याकाळी तिने पेढे वाटले. पहिला आण्णांना.

मे अखेरीस वार्षिक निकाल आला. आण्णांनी फोनवर शोधून सटवाला वाचून दाखवला. कंपनीची अंतर्गत वित्तीय नियंत्रणं पुरेशी आहेत आणि परिणामकारकपणे चालत आहेत.

"म्हंजी काय, आण्णा?"

"म्हंजी तुजी हीर बुजली."

पण जूनमध्ये पुण्याहून निरोप आला. तेलगिरणीला माल कमी पडतोय, तीन नंबरचं गोदाम पुरतं रिकामं करा, उद्या ट्रक येतील, मोजायला तेजश्री येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आण्णा माझ्यासमोर आले. आधी त्यांनी दोन्ही कुलपं नीट लावून घेतली. मग खिशातून दाढीचं पातं काढलं आणि देवीसमोर मारलेली ती गाठ, वर्षभर न सुटणारी ती गाठ, सरळ कापली. देवीची माफीही मागितली नाही. दोऱ्याचे तुकडे त्यांनी काडी लावून जाळले. मग रोहिणीला बोलावलं.

"घे पोरी, तुजी चावी. लई दिस मागत व्हतीस."

"पण आण्णा, दसरा तर..."

"आता कायम झालीस. तुज्यावर भरवसा न्हाई ठिवायचा तर कुनावर?"

तिने ओंजळ पुढे केली. तिचे डोळे भरून आले होते. तिने वाकून आण्णांच्या पायांना हात लावला. आठ महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पाहिला नव्हता. माझं तोंड त्या वेळी उघडलं असतं तर मी एकच गोष्ट केली असती, ओरडलो असतो.

नऊ वाजता ट्रक आले, तेजश्री आली. आण्णांनी आपलं कुलूप उघडलं. रोहिणी पुढे झाली, माझ्या तोंडात फुंकर मारली आणि चावी फिरवली. नियमाप्रमाणे, दोन माणसं, दोन चाव्या. मी नियमाप्रमाणे उघडलो.

दुसऱ्या ट्रकलाच वरचा थर खाली कोसळला.

भरली ती सात हजार तीनशे साठ पोती. तेजश्रीने त्या पोकळीच्या काठाशी जाऊन आत पाहिलं. मग ओसरीवर येऊन तिने नोंदवही उघडली. वजनकाट्यावरच्या ज्या पावत्यांचा हिशेब लागत नव्हता, त्या अकरा तारखांच्या होत्या. अकराही दिवशी मोहनराव रजेवर. पहिली चावी कार्यालयात जमा, सही रोहिणी. दुसरी चावी, सही रोहिणी.

"म्याडम, दोन्ही चाव्या आण्णांकडं व्हत्या. एकाच दोऱ्यात. समद्यांनी बघितल्यात."

तेजश्रीने सटवाकडे पाहिलं.

"मला काय ठावं, बाई. मी पोती उचलतो. मान खाली आसती माजी."

"मी मेल केला व्हता."

"आणि मागे घेतला होतास. तुझ्या हाताने लिहून." तेजश्री म्हणाली. "रोहिणी, मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं. इथेच. तू हो म्हणालीस. आणि चावी आत्ता तुझ्या हातात आहे."

रोहिणीने हाताकडे पाहिलं. चावी खरंच तिथे होती.

"माजं एक म्हननं हाय," आण्णा हळूच म्हणाले. "माजी चावी एकली काय करनार? दुसरं कुलूप बघा. अलीगढचं हाय. कुटं ओरखडा हाय का? त्याच्या चावीबगर ते उघडत न्हाई."

तेजश्रीने मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. माझ्या अंगावर ओरखडा नव्हता. मी निष्कलंक होतो. माझा निष्कलंकपणा तिने अहवालात लिहिला आणि तोच रोहिणीच्या गळ्यात पडला. मला कुणी दगडाने फोडलं असतं तर ती सुटली असती. ज्या गुणाचा मला अभिमान होता, त्या गुणाने मी तिचा घात केला.

तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. पुढे फिर्याद झाली, अटक झाली, जामीन झाला. वकिलासाठी भागवतने बावीस मेंढरं विकली. आण्णांना देखरेखीतल्या ढिलाईबद्दल एक समजपत्र मिळालं आणि फिर्यादीच्या बाजूचे साक्षीदार म्हणून त्यांचं नाव लागलं.

एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती कुणी विचारली नाही. दोन्ही चाव्या आखूड दोऱ्यात असताना माझी चावी फिरली, की तो दोरा माझ्या तोंडावर घासायचा. त्याचा एक लाल धागा तुटून माझ्या आत गेला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या खटक्याच्या मध्ये. रोहिणीच्या फुंकरीने तो निघाला नाही. माझी चावी पुराव्यात जमा झाल्यावर केजचा एक चावीवाला आला. त्याने आत सळई घालून माप घेतलं आणि नवी चावी घासली. धागा आणखी आत गेला. मला कुणी खोलून पाहिलं तर तो दिसेल. पण चालू कुलूप कशाला कुणी खोलेल?

आता भागवतचे गुडघे चालत नाहीत. कळप रोहिणी नेते. याच रस्त्याने, कारण गवत याच रस्त्याला आहे. कोर्टाची तारीख असते त्या दिवशी फक्त दिसत नाही. फाटकापाशी ती थांबत नाही. पुढे वळणावर गेल्यावर मेंढरं मोजते. नुसती नजरेने नाही. कळपात घुसून, मधल्या एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजते.

तेजश्रीने नवा अहवाल दिला. दोन कुलपं अपुरी पडली, तिसरं लावावं. ते माझ्या शेजारी आलं आहे. तेही अलीगढचं, चकाकणारं. पंधरा चाव्यांची गोष्ट ते मला रोज सांगतं आणि मी ऐकून घेतो. त्याची चावी मोहिनीकडे आहे, माझी नवी चावी कार्यालयातल्या एका बाबूकडे. मोहिनी नवी आहे, घाटनांदूरची. नोकरी कच्ची. मार्चअखेरीला शेरा मिळायचा आहे.

आज खंडेनवमी. ओसरीवर पाट मांडला आहे. बाबूची चावी ताटात पडली. आण्णांनी मोहिनीकडे पाहिलं आहे आणि तिचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला आहे.

मोहिनी, ठेवू नकोस. तुला उर्मट म्हणतील, देव न मानणारी म्हणतील, सटवा काहीतरी बोलेल आणि सगळे हसतील. हसू देत. चावीला हळद तुझ्या हाताने लाव आणि तुझ्या हातानेच परत गळ्यात घाल. आणि जमलं तर एखाद्या दिवशी दगड घेऊन ये आणि मला फोड. माझ्या आत एका मुलीची साक्ष अडकली आहे.

ताटात पितळेवर तिसरी चावी पडल्याचा आवाज झाला. आरती सुरू झाली आहे. आण्णांच्या मुठीतून दोऱ्याचं टोक बाहेर आलं आहे. यंदा त्यांनी तो जरा लांब आणला आहे.